गायीला हरीक झालाय

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, रत्नागिरीतल्या एका कॉलेजात, गेली बावीस वर्षं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी चांगलीच शोभा झाली आणि ती अर्धवट सांगण्यात काही अर्थ नाही. त्यातही गवतं हा माझा खास विषय. गवताची एक काडी हातात द्या, तिचं जातगोत सगळं सांगते. मुलं माझ्या पाठीमागे मला 'गवतीचहा' म्हणतात हेही मला ठाऊक आहे. म्हणेनात का, परीक्षेला माझ्याच हाताखालून जायचंय त्यांना.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मी चाचणीचे पेपर तपासत होते. एका दिवट्याने बुरशीवरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून स्वतःच्या आईच्या लोणच्याची हकिकत लिहिली होती, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. तेवढ्यात आजोळहून फोन आला. माझं आजोळ राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या अलीकडे. फोनवर मामाच्या शेजारची काकी होती. ती नात्याने माझी कोणी नाही, पण आमच्या वाडीत ऐंशीच्या पुढे गेलेली बाई सगळ्यांचीच काकी होते.

"बाय गो," काकी म्हणाली, "तुझ्या मामाच्या गायीला हरीक झालाय."

"अगबाई! खरंच? वा वा!"

पलीकडे काकी खाकरली.

"वा वा काय गो त्यात?"

"मग, चांगलंच झालं की! मामाला म्हणावं, खरवस पाठव."

"खरवस?" काकी म्हणाली. मग फोन बाजूला धरून ती कोणाला तरी, बहुतेक स्वतःलाच, म्हणाली, "शिकलेली माणसां ही अशी," आणि फोन बंद झाला.

आता माझी बाजू ऐका. माझे वडील कोल्हापूरकडचे. आमच्या घरी हरीक म्हणजे आनंद. पोरगी पास झाली, आजीला हरीक झाला. पाहुणे आले, हरीक झाला. गायीला हरीक झाला म्हणजे तिला वासरू झालं, दुसरं काय होणार? मी निवांतपणे लोणच्याला दहापैकी तीन मार्क दिले आणि पुढचा पेपर घेतला. वासराला एखादी घुंगुरमाळ न्यावी असंही मनात येऊन गेलं.

ती चूक मला चार दिवसांनी कळली, आणि त्या चार दिवसांत मामाचा संसार बुडायची वेळ आली.

त्यासाठी मामाचं थोडं सांगायला हवं. मामा तीस वर्षं मालवाहू बोटींवर होता. जगातलं एकेक बंदर त्याने पाहिलं आणि बहुतेक ठिकाणची दारूही. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा बोट सुटली, बाटली नाही. गेल्या वैशाखात एका लग्नात तो भर मांडवात उठला आणि नव्या व्याह्यांसमोर, हात जोडून, अत्यंत नम्रपणे, मामीचे दोष सांगू लागला. पहिला, दुसरा, तिसरा. आवाजही चढवला नाही मेल्याने. तिसऱ्यानंतर बँडवालेसुद्धा थांबले. मामीने पंगतीत वाढायचं हातातलं काम पुरं केलं, दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि मुंबईला लेकीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "कापणीपर्यंत बघते. तोवर तुम्ही थेंब घेतलात असं कानावर आलं नाही तर येते. आलं, तर कापणी तुम्ही आणि तुमची बाटली मिळून करा."

मामाने धसका घेतला. वाडीसमोर देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवाने नारळ हातात धरून देवाला सांगितलं की ह्या लेकराने आजपासून दारूला शिवायचं नाही असं ठरवलंय, तर त्याला बळ दे महाराजा, आणि शिवलाच तर तुझा तू बघून घे महाराजा. त्यावर गावकऱ्यांनी "होय म्हाराजा!" म्हटलं, ते नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. नाक्यावरचा किराणा दुकानदार परतताना म्हणाला, "करून करून भागला नि देवपूजेला लागला."

पण मामाने शब्द पाळला. पाच महिने. मन रमावं म्हणून त्याने एक तांबडी गावठी गाय घेतली. तिला रोज धुवायचा आणि तिच्याशी बोटीवरच्या भाषेत बोलायचा. गोठ्यात घेताना "इझी, इझी", मागे सरकवताना "फुल अस्टर्न". गायही सरकायची. मी गौरी-गणपतीला गेले होते तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ती येईल ना गो?" चौसष्ट वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "येईल की, न यायला काय झालं?" तेव्हा काही झालं नव्हतं.

आता परत ऑक्टोबर. काकीच्या फोनला चार दिवस झाले आणि मामीचा फोन आला.

"तू बघितलास तो व्हिडिओ?"

"कसला व्हिडिओ?"

"बघ मग," मामी म्हणाली. आवाज कोरडा होता. "आणि त्यांना सांग, कापणीला माणसां ठरवून घ्या. मी काय यायची नाय."

आमच्या वाडीचा एक व्हॉट्सअॅप ग्रूप आहे. वाडीत माणसं राहतात तीस-पस्तीस, ग्रूपवर दोनशे, बाकीचे सगळे मुंबईकर. मी त्यावर आहे, पण सकाळी उठून दोनशे जणांचं शुभ सकाळ कोण बघणार, म्हणून मी तो गप्प करून ठेवला होता. उघडला. दुकानदाराने टाकलेला व्हिडिओ. गाय वरकसावरून, म्हणजे वरच्या उताराच्या जमिनीवरून, घरी येत होती. चारी पाय फाकलेले, मान डुलतेय, एक पाऊल इकडे तर एक तिकडे. दाव्याचं दुसरं टोक मामाच्या हातात. गाय डावीकडे गेली की मामा डावीकडे, गाय उजवीकडे की मामा उजवीकडे. शेवटी गाय बांधावर बसली आणि तिच्या ओढीने मामाही बसला. मागून दुकानदाराचा आवाज: "आयचा घो! दोगांपण टाइट!" आणि खाली लिहिलेलं, 'मालक तशी गाय'.

त्याखाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग, आणि मग विद्वानांची चर्चा. एक म्हणे, त्याने बाटली गवताच्या उडवीत लपवली असणार, ती फुटली आणि गायीने गवत चघळलं. दुसरा म्हणे, दूध वाढावं म्हणून तो तिला माडी पाजतो, अर्धी तिला, अर्धी स्वतःला. गोरेगावात राहणाऱ्या एका गृहस्थांनी निकालच दिला: देवाला फसवलान, देवानं गायीला झुलवलान. एवढ्या दोनशे माणसांत एकालाही वाटलं नाही की माणूस खरं बोलत असेल.

आणि मला? खरं सांगते, पहिल्यांदा मलाही वाटलं नाही. पहिला विचार आला तो, 'मामा, अरे काय केलंस हे?' मग व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिला. गायीच्या मानेला बारीक कंप होता, आणि मामा झुलत होता तो फक्त दावं ताणलं की. दुसऱ्या दिवशी सकाळची राजापूरची एसटी पकडली आणि पुढे वडापच्या जीपने दुपारी वाडीत पोचले.

मामा ओटीवर बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाला, "तूपण वास घ्यायला आलीस? घे." आणि तोंड उघडून बसला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याला एक सणसणीत शिवी दिली. शिवीने त्याला जरा बरं वाटलं.

काकी कुंपणापलीकडून बघत होती. "खरवस न्यायला आलीस?" म्हणाली.

"काकी, गायीला झालंय काय?"

"तुला फोनवर सांगितलां ना मी? हरीक झालाय! गायीनं हरीक खाल्लान! माजलेला हरीक!"

"हरीक खाल्लान म्हणजे? हरीक खायची वस्तू आहे?"

काकीने कपाळावर हात मारला. मग ती काठी टेकत मला वरकसावर घेऊन गेली, आणि एका ठिकाणी गुडघाभर वाढलेल्या गवतावर तिने काठी आपटली. "हा बघ. हरीक. आमच्या लहानपणी आमी ह्याचाच भात खाऊन जगलो. आता कोण पेरीत नाय, पण तो कोणाला विचारून उगवतो थोडाच. कणसां भरल्यावर वर पाऊस पडला की माजतो. मग गुरानं खाल्लान की गुरूं झुलतां, माणसानं खाल्लान की माणूस. वाडीत सगळ्यांना सांगितलां, पण म्हातारीचां कोण ऐकतां?"

मी एक कणीस तोडलं. चपटी दांडी, एकाच बाजूला ओळीने बसलेले वाटोळे दाणे. पास्पॅलम स्क्रोबिक्युलेटम. वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेय मी हे. पुस्तकात त्याला मराठीत कोद्रा म्हणतात, मीही कोद्राच शिकवला. माझ्या आजोळी, माझ्या आईच्या बांधावर, त्याला काय म्हणतात हे मी कधी विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. काकीने त्या दिवशी मला रोगाचं नाव, कारण आणि पुरावा सगळं एका वाक्यात दिलं होतं आणि मी खरवस मागत होते. तेव्हाच समजलं असतं तर त्याच संध्याकाळी ग्रूपवर लिहिता आलं असतं, आणि मामीला आधी ते वाचायला मिळालं असतं. मी तिथेच बांधावर बसले. काकी म्हणाली, "तूपण खाल्लास काय?"

संध्याकाळी ओटीवर मी मामाला सगळं समजावून सांगितलं. गवताच्या आत, पेशींच्या फटींमध्ये, बुरशी राहते. बाहेरून काही दिसत नाही, पान हिरवंगार, कणीस भरलेलं. ती गवताच्याच जिवावर जगते, आणि बदल्यात अल्कलॉइड नावाची जहरी द्रव्यं बनवते. गवताला कोणी तोंड लावलं की त्याला कापरं भरतं, चक्कर येते, आणि पुन्हा तो त्या वाटेला जात नाही. हरकाच्या बाबतीत कोणी ह्या आतल्या बुरशीला दोष देतात, कोणी दाण्यावर बाहेरून बसणारीला, त्यावर अजून भांडणं आहेत. पण जहर बुरशीचं, गवताचं नव्हे.

मामाने विचार केला. "म्हणजे कूळ," तो म्हणाला.

"काय?"

"कूळ गो. जमीन गवताची, राहतो तो. खंड म्हणून राखण करतो. नि धन्याला ठावूकच नाय घरात कोण शिरलाय तो."

बावीस वर्षांत मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, "अगदी बरोबर."

"मग हटवायचां कसां त्याला?"

"तो हटत नाही. बियाण्यातूनसुद्धा पुढच्या पिढीत जाऊ शकतो."

"होय तर. कूळ कधी हटलाय कोकणात?" मामा म्हणाला, आणि त्या पाच दिवसांत पहिल्यांदा हसला.

गायीचं सोपं होतं. तिला वरकसावर सोडणं बंद केलं, सावलीत बांधली, पेंढा आणि पाणी दिलं, आणि तिला पळवायचं नाही असं पशुवैद्यांनी सांगितलं. दोन-चार दिवसांत ती चार पायांवर सरळ उभी राहिली. पण गाय बरी झाली हे दुकानदाराने टाकलं नाही. सरळ उभ्या राहिलेल्या गायीचा व्हिडिओ कोण बघतो? मी त्याला जाब विचारला तर म्हणतो कसा, "बाय, दारू उतरल्यावर सगळीच सरळ उभी राहतात." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी देणाऱ्याचा हा तोरा. मी त्याच्या दुकानातून साबण घेणार होते, तो परत ठेवला.

मग मी माझं हत्यार काढलं. हरकाची ताटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रत्नागिरीला आणली, पानाच्या बुडाकडचा पापुद्रा सोलला, निळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दिसले! पेशींच्या मधून नागमोडी गेलेले निळे धागे. मी फोटो काढला आणि वाडीच्या ग्रूपवर टाकला. खाली दहा ओळी सोप्या मराठीत लिहिल्या, पुन्हा पुन्हा वाचून सुधारल्या, की हा पहा खरा गुन्हेगार, माझ्या मामाने दारू घेतलेली नाही, गायीनेही नाही.

पहिलं उत्तर गोरेगावहून आलं: 'शेवया छान झाल्यात.' दुसरं: 'ताई, निळा रंग कुठला वापरलात, खायचा का?' तिसऱ्याने नुसतेच हात जोडले. चौथ्याने शुभ सकाळ म्हटलं, संध्याकाळी सहा वाजता. मी फोन सोफ्यावर फेकला. मामीने माझा मेसेज वाचला होता, तशा खुणा दिसत होत्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला एकटीला तिचा एक मेसेज आला: 'शुक्रवारच्या रातराणी गाडीने निघते. बघून जाते.'

मी तो मामाला फोनवर वाचून दाखवला. त्याचा आवाज 'निघते'ला फुलला आणि 'जाते'ला मिटला.

"बघून जाते म्हणजे काय गो?"

"म्हणजे येणार आहे."

"नि जाणार आहे."

"मामा, तू नुसता शांत बस. दाढी कर. घर झाड. ती येईल, बघेल, गाय ठणठणीत आहे, तू ठणठणीत आहेस."

"ती म्हणेल, उतरली असेल." मग म्हणाला, "काकीकडे गेल्या साली बांधावरून काढलेला हरीक हाय. माजलेला. दोन-तीन वर्षां ठेवला की माज उतरतो म्हणून तिनं ठेवलान."

"मग?"

"मग काय नाय."

"मामा! त्या दाण्याला हात लावशील तर बघ. विष आहे ते, गंमत नाही. माणसं दवाखान्यात जातात."

"नाय गो," मामा म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. बघा, दारूच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवायला मला सूक्ष्मदर्शक लागला, आणि इथे नुसता शब्द पुरला.

शनिवारी मी रत्नागिरीहून पहाटेची गाडी धरली आणि साडेआठला नाक्यावर उतरले. मुंबईची गाडी साडेसातची, म्हणजे मामी घरी पोचली असणार असा माझा हिशेब. बघते तर स्टॉपवर मामा. स्वच्छ पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, आणि दोन्ही हातांनी स्टॉपच्या पाटीचा खांब धरून उभा. खांब हलत होता.

"मामा!"

"गाडी लेट हाय," मामा म्हणाला. जीभ जड झालेली. "मी सहाला खाल्लो. साडेसातची गाडी, म्हटला बरोबर वेळेवर चढेल. गाडीच नाय आली गो."

"काय खाल्लास?"

"हरकाचा भात. ताटभर. काकी भजनाला गेली होती."

"अरे पण का?"

"तिला दिसू दे. तोंडाला वास नाय नि माणूस झुलतोय. डोळ्यांनी बघू दे." मग तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "जाम झुलतोय गो. बोटीवर पण कधी असां झाला नव्हता."

मला रडू येत होतं आणि त्याच्या मुस्काटात द्यावीशीही वाटत होती. रिक्षा बघते म्हटलं तर तो खांब सोडायला तयार नाही. समोर दुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला. मोबाइल आडवा धरलेला. त्याच्या मागे दुधाला आलेली चार माणसं. आणि नेमकी त्याच वेळी, तासभर उशिरा, वळणावर एसटी दिसली.

मामी उतरली. हातात एकच छोटी बॅग, दोन दिवसांपुरती. तिने स्टॉपकडे पाहिलं. मामाने तिला बघून खांब सोडला, एक पाऊल टाकलं, ते भलतीकडेच पडलं, आणि तो रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसला. कोणी हसलं नाही. एसटीचा कंडक्टरसुद्धा घंटी मारायची विसरून बघत राहिला.

मामी त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"आ करा."

मामाने तोंड उघडलं. तिने वास घेतला.

"काय खाल्लात?"

"हरीक," मामा म्हणाला.

मामी उठली, वळली आणि दुकानदाराला म्हणाली, "तो मोबाइल खिशात ठेव नि तुझी रिक्षा काढ. आज कसलां शूटिंग करतोस, त्या दिवशी गाय आजारी होती तेव्हा तिला पाणी तरी पाजलास?" दुकानदाराने मोबाइल खिशात घातला आणि रिक्षा काढली.

सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर होता, लातूरकडचा, कोवळा. मी सांगितलं, "ह्यांना हरीक झालाय." तो म्हणाला, "मॅडम, आनंदाने एवढी थरथर होत नाही." मी मनात म्हटलं, ये बाबा, बस माझ्या शेजारी. मग त्याला सगळं नीट सांगितलं. त्याने सलाइन लावलं, नाडी पाहिली, दर तासाला येऊन पाहत राहिला, आणि दुपारपर्यंत कापरं कमी झालं. मामा झोपला. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा.

मी आणि मामी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मी तिला पुन्हा सगळं सांगू लागले, कूळ, बुरशी, निळे धागे, काकीचा फोन, माझी चूक.

"तू कशाला दम लावतेस?" मामी म्हणाली. "मला त्या व्हिडिओतच दिसलां की ते प्यायलेले नायत."

"मग फोनवर मला तसं का म्हणालीस? येत नाही म्हणून?"

"राग आला. त्या लोकांचा. दोनशे जण हसतायत माझ्या घरावर, नि ह्या घरात परत कशाला जायचां असां झालां." तिने आत झोपलेल्या मामाकडे एकदा पाहिलं. "पण मला ठावूक होतां. प्यायल्यावर ते झुलत नायत गो. कधीच झुलले नायत. प्याले की सरळ चालतात. एकदम सरळ, एकेक पाऊल मोजून, नि गोड बोलतात. ती दबकी पावलां बाहेर आली की मी पोरीला घेऊन मागच्या पडवीत जायची."

लहानपणी मे महिन्यात मी त्या घरात किती वेळा राहिले होते. मागची पडवी म्हणजे मला फणस पिकायला ठेवायची जागा वाटायची.

रविवारी मामाला घरी आणलं. मामीने बॅग उघडली नाही, नुसती कोपऱ्यात ठेवली. सोमवारी सकाळी मला परतायचं होतं. मी ओटीवर चपला घालत होते, मामी अंगणात विळ्यांची धार बघत होती. कापणीची माणसं आठाला यायची होती. आतून मामा आला. आपण आता खडखडीत बरे झालोय हे तिला दाखवायचं म्हणून त्याने छाती पुढे काढली आणि अंगणातून तिच्याकडे चालत निघाला. हळू, सरळ, एकेक पाऊल मोजून.

मामीच्या हातातला विळा थांबला. चेहरा पार उतरला.

"सरळ चालू नका ओ," ती म्हणाली. "मला भ्या वाटतां."

मामा अंगणाच्या मधोमध उभा राहिला. चाळीस वर्षं संसार झाला, पण हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मला वाटलं आता हा काहीतरी बरळणार. पण त्याने खरोखरच विचारलं, "मग चालू तरी कसा गो?"

मामीने पदराने तोंड पुसलं आणि एक विळा त्याच्याकडे धरला.

"येईल तसे चाला," ती म्हणाली. "पण आवाज करीत या."